वाफ दिली, दमा तसाच राहिला: अँटिकोलिनर्जिक औषधांची जागा कोणती?

 

'अँटिकोलिनर्जिक' हा शब्द वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. हरकत नाही. नाव नवं असलं तरी औषध तुमच्या ओळखीचं आहे. पावसाळ्यात पोराला धाप लागते, रात्री उचलून दवाखान्यात नेतात. नाकातोंडावर मास्क लावतात, यंत्र घरघरतं, पांढरं धुकं येतं आणि दहा-पंधरा मिनिटांत पोर मोकळं होतं. त्या धुक्यात बऱ्याचदा दोन औषधं असतात. एक सालब्युटामॉल, किंवा त्याचंच भावंड लेव्होसालब्युटामॉल. दुसरं इप्राट्रोपियम. हे दुसरं अँटिकोलिनर्जिक. 'ड्युओलिन' नावाची प्लास्टिकची छोटी कुपी तुमच्यापैकी अनेकांनी हातात धरली असेल, तिच्यात हीच जोडी असते.

आज आम्ही टीका करणार आहोत, हे आधीच सांगून टाकतो. ती या औषधावर नाही. औषध चांगलं आहे. टीका आहे ती आपण त्याला जी जागा दिली आहे तिच्यावर. आणि आमचं म्हणणं असं, की ही चुकीची जागा दोन साध्या मराठी शब्दांमुळे पक्की झाली आहे. एक शब्द 'वाफ'. दुसरा शब्द 'दमा'. वाफ म्हटलं की आत कोणतं औषध आहे ते झाकलं जातं. दमा म्हटलं की आजार कोणता आहे ते झाकलं जातं. दोन्ही झाकलं गेलं की मग आत काय चाललंय ते कुणी विचारतच नाही.

धोतरा आणि फवारणी

आधी औषध काम कसं करतं ते बघू. त्यासाठी लांब जायला नको.

महाशिवरात्रीला पिंडीवर वाहतात ते काटेरी फळ, धोतऱ्याचं. धोतऱ्यात ॲट्रोपिन आणि त्याची भावंडं असतात. आयुर्वेदात धोतऱ्याला 'कनक' म्हणतात आणि श्वास-कासावर दिल्या जाणाऱ्या कनकासवात तो अडुळशाच्या जोडीला असतो. धोतऱ्याचा धूर ओढून दम्याला उतार पडतो हेही आपल्याकडे माहीत होतं. मद्रासमधल्या इंग्रज डॉक्टर-अधिकाऱ्यांनी ते पाहिलं आणि १८०२ च्या सुमारास ही वनस्पती एडिंबरापर्यंत पोचली. पुढे शंभर-सव्वाशे वर्षं युरोप-अमेरिकेत धोतऱ्याच्या सिगारेटी दम्यावरचं औषध म्हणून विकल्या जात होत्या. म्हणजे या औषधांचं मूळ आपल्या परसातलं आहे, असं म्हणायला हरकत नाही.

पण धोतरा खाल्लेला माणूस कसा दिसतो? तोंड कोरडं पडतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, छाती धडधडते, लघवी अडते, माणूस भ्रमिष्टासारखा बडबडतो. कारण ॲट्रोपिन फक्त छातीत थांबत नाही. ते अंगभर जातं, मेंदूतही जातं. म्हणून 'पानं ओढली तर काय बिघडलं' असं कुणी म्हणालं तर उत्तर सोपं आहे: पानात औषध किती आहे हे पानावर लिहिलेलं नसतं, आणि औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत इथे फार अंतर नाही. शिवाय दम्याच्या छातीत धूर घालणं हा आणखी एक उलटा उद्योग.

आता दुसरी बाजू. आंब्याला मोहोर आला की तुडतुड्यांवर फवारणी सुरू होते. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगात गेलं तर काय होतं, हे बागायतदारांना सांगायला नको. तोंडाला लाळ, अंगाला घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, छाती पाण्याने भरल्यासारखी, श्वास कोंडलेला. म्हणजे धोतऱ्याच्या बरोबर उलट. कारण आपल्या शरीरात ॲसिटिलकोलीन नावाचा एक निरोप्या असतो. मेंदूकडून निघालेली व्हेगस नावाची नस श्वासनलिकांपर्यंत येते आणि या निरोप्यामार्फत सांगते: आवळा, आणि कफ सोडा. काम झालं की हा निरोप्या मोडला जातो. कीटकनाशक त्याला मोडूच देत नाही. मग निरोपावर निरोप येत राहतात. अशा रुग्णाला डॉक्टर ॲट्रोपिन देतात, छाती कोरडी होईपर्यंत देत राहतात. ॲट्रोपिन निरोप्याला दारातच अडवतं. अँटिकोलिनर्जिक म्हणजे एवढंच.

इप्राट्रोपियम हे ॲट्रोपिनमध्ये बदल करून तयार केलेलं औषध. १९७० च्या दशकात वापरात आलं. त्याच्या रेणूवर कायमचा विद्युतभार ठेवलेला असतो, त्यामुळे ते श्वासातून घेतल्यावर रक्तात फार कमी उतरतं आणि मेंदूत जवळजवळ जातच नाही. धोतऱ्याचा फायदा राहिला, वेड गेलं. उत्तम शोध. परिणाम दिसायला पंधरा मिनिटं लागतात, टिकतो चार ते सहा तास.

पातेलं आणि कौल

मग अडचण कुठे आहे?

दम्यात श्वासनलिका अरुंद होते ती दोन कारणांनी. एक, भोवतालचा स्नायू आवळतो. दोन, आतलं अस्तर सुजतं आणि चिकट कफाने भरतं. व्हेगस नस ही स्नायू आवळणाऱ्या दोऱ्यांपैकी एक दोरी. दम्यात इतर दोऱ्याही ओढल्या जातात, ॲलर्जीच्या पेशींतून सुटणारी रसायनं थेट स्नायूवर काम करतात. इप्राट्रोपियम फक्त एक दोरी सोडतं. सालब्युटामॉल वेगळ्या मार्गाने, अधिक जोरात आणि पाच-एक मिनिटांत स्नायू सैल करतं. म्हणून दम्यात पहिला मान सालब्युटामॉलसारख्या औषधांचा. आणि दोघांपैकी कुणीही आतली सूज घालवत नाही. सूज घालवतं ते श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड: ब्युडेसोनाइड, फ्लुटिकासोन, बेक्लोमेथासोन.

पावसात कौल सरकलं आणि घरात गळायला लागलं, तर आपण खाली पातेलं ठेवतो. ठेवायलाच हवं, नाहीतर अंथरूण भिजेल. पण दर पावसाळ्यात नुसतं पातेलंच मोठं करत गेलो तर शेजारी हसतील. इथे मात्र कुणी हसत नाही. उलट 'आमच्याकडे वाफेची सोय आहे' अशी पाटी दवाखान्याबाहेर लागते.

याच औषधघराण्याचा कोकणातला एक जुना धडा इथे आठवतो. विंचू चावल्यावर सुरुवातीला घाम, लाळ, उलट्या होतात. ते पाहून ॲट्रोपिन द्यावं असं तर्काला पटायचं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रुग्णांजवळ बसून पाहिलं, की खरा धोका पुढच्या टप्प्यात आहे, हृदयावर येणाऱ्या ताणात आहे. त्यांनी प्राझोसिनचा वापर रूढ केला आणि विंचूदंशाने होणारे मृत्यू पार खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. धडा असा: जे डोळ्यांना दिसतं ते शमवलं म्हणजे जे मारतं ते थांबलं, असं होत नाही. दम्यात डोळ्यांना दिसते ती धाप. मारते ती बहुतेक वेळा आतली, न पाहिलेली सूज.

'वाफ' म्हणजे नेमकं काय?

आता पहिल्या शब्दाकडे येऊ. सर्दी झाली की पातेल्यात गरम पाणी, निलगिरीचे दोन थेंब, डोक्यावर टॉवेल. ही वाफ. आणि नेब्युलायझरच्या मास्कमधून येतं तीही वाफ. मराठीत दोघांना एकच शब्द. पहिलीत औषध नाही म्हटलं तरी चालेल. दुसरीत आहे, आणि ते कोणतं हे महत्त्वाचं आहे. पण शब्द एकच असल्याने आई सांगते, "वाफ दिली." डॉक्टरांना विचारावं लागतं, "कशाची?" आणि उत्तर येतं, "वाफेचीच."

आता या औषधाच्या बाजूने जे बोलायचं ते पूर्ण बोलतो. जोराचा झटका असेल, मूल दोन शब्द बोलून थांबत असेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, तर सालब्युटामॉलमध्ये इप्राट्रोपियम मिसळून पहिल्या काही तासांत पुन्हापुन्हा देणं योग्य आहे. कॉक्रेन नावाची संस्था जगभरच्या चाचण्या गोळा करून ताळेबंद मांडते. मुलांवरच्या वीस चाचण्यांचा तिचा २०१३ चा ताळेबंद सांगतो, की अशा वेळी ही जोडी दिल्याने रुग्णालयात भरती करण्याची गरज सुमारे चतुर्थांशाने घटते. प्रौढांचाही आकडा जवळपास तसाच. हा काही लहान फायदा नाही. जवळचं मोठं रुग्णालय घाट-वळणांच्या रस्त्याने दीड तासावर असेल, तर तो फार मोठा फायदा आहे.

पण त्याच ताळेबंदांची दुसरी बाजू कुणी वाचत नाही. मूल एकदा वॉर्डात भरती झालं, की त्यानंतर इप्राट्रोपियम चालू ठेवल्याने जास्तीचा फायदा दिसलेला नाही. सौम्य झटक्यात तर ते लागतच नाही. म्हणजे या औषधाची खरी जागा कुठे? मोठा झटका, पहिले काही तास. एवढीच. आणि आपण वापरतो कुठे? साध्या खोकल्याला. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ. मग घरी यंत्र विकत घेऊन, कुप्यांचा खोका आणून, वर्षभर.

घरी यंत्र ठेवू नका असं आम्ही म्हणत नाही. पण काय घडतं ते बघा. घरात यंत्र आलं की दवाखान्यात जाणं लांबतं. पोर धापतंय, वाफ दिली, उतार पडला. चार तासांनी परत. परत वाफ. रात्रभर असं चाललं तर सकाळपर्यंत सूज इतकी वाढलेली असते, की आता पातेल्याने काम भागत नाही. चार-सहा तास पुरणारी वाफ दोन तासांतच परत लागली, तर तो धोक्याचा इशारा आहे, यंत्र पुन्हा लावण्याचं आमंत्रण नाही.

आणखी एक बारीक गोष्ट. मास्क सैल असला तर इप्राट्रोपियमचं धुकं डोळ्यांत जातं. काचबिंदूची प्रवृत्ती असलेल्या वयस्क माणसाला त्याने डोळ्याचा दाब एकदम चढू शकतो. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या आजोबांची लघवी अडू शकते. 'वाफच तर आहे' म्हणणाऱ्याच्या हे लक्षात येणार नाही. 'औषध आहे' म्हणणाऱ्याच्या येईल.

'दमा' म्हणजे कोणता?

आता दुसरा शब्द. मघाशी एक चिठ्ठी आलीय: "आमच्या आईला दमा आहे, डॉक्टरांनी टायोट्रोपियमचा पंप दिलाय. तुम्ही तर त्यावर टीका करताय. बंद करू का?"

अजिबात बंद करू नका. आणि ही चिठ्ठी पाठवल्याबद्दल आभार, कारण गोंधळाचं मूळ इथेच आहे.

पन्नाशी-साठी ओलांडलेली बाई. जन्मभर चुलीपुढे बसली. ओलं लाकूड, फुंकणी, धूर. कधी विडीला हात लावला नाही. चढ चढताना दम लागतो, दर वर्षी थोडा जास्त, पूर्ण बरं असं कधीच वाटत नाही. गाव म्हणतं, तिला दमा आहे. खरं तर बहुधा तिला सीओपीडी आहे, श्वासनलिका आणि फुफ्फुसं कायमची झिजवणारा आजार. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही तो मोठ्या प्रमाणावर होतो, आणि त्याचं एक मोठं कारण चुलीचा धूर, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलं होतं.

आता हा फरक कळीचा आहे. सीओपीडीत श्वासनलिकेच्या आकुंचनातला जो भाग औषधाने सोडवता येतो, त्यात व्हेगस नसेचा वाटा मोठा. म्हणून तिथे टायोट्रोपियम, ग्लायकोपायरोनियम ही दिवसभर टिकणारी अँटिकोलिनर्जिक औषधं पहिल्या रांगेतली आहेत. दम्यात ती शेवटच्या रांगेतली आहेत. औषध तेच, पंपही तसाच दिसणारा. पण आईला तो मुख्य आधार आणि तिच्या नातवाला तो, फार तर, तिसरा मदतनीस. दोघांच्या कागदावर मात्र एकच शब्द: दमा. मग आजीचा पंप नातवाला ओढायला देणं हे घरात अगदी सहज होतं. 'तिला लागू पडलं, त्यालाही पडेल.'

आणि उलट टोकाला, लहान मुलाला दमा आहे हे म्हणायचंच नाही. 'बाळदमा', 'ॲलर्जीचा खोकला', 'छाती भरते त्याची', 'प्रायमरी'. मुलगी असेल तर आणखी दबून. लग्नाच्या वेळी कुणी काढलं तर? भारतातल्या मोठ्या पाहणीत छातीत घरघर असलेल्या दर पाच जणांपैकी चार जणांना दम्याचं निदान झालेलंच नव्हतं. ज्या आजाराला नाव दिलं नाही, त्याचं रोजचं औषध कोण घेणार?

या दोन आजारांत फरक करणारी तपासणी अवघड नाही. स्पायरोमेट्रीत जोराने फुंकायचं, मग पंप घ्यायचा, पंधरा मिनिटांनी परत फुंकायचं. दम्यात बऱ्याचदा आकडा चांगला वर जातो. निदान साध्या पीक-फ्लो मीटरवर सकाळ-संध्याकाळचे आकडे वहीत लिहिले तरी खूप कळतं. रक्तदाब मोजल्याशिवाय रक्तदाबाची गोळी कुणी देत नाही. श्वास न मोजता श्वासाचं औषध मात्र सर्रास दिलं जातं. आमचा आक्षेप या जागेवर आहे.

तिसरा मदतनीस

मग दम्यात टायोट्रोपियमला काहीच जागा नाही का? आहे. आणि ती कशी ठरली हे नीट वाचण्यासारखं आहे, कारण जाहिरातीत त्यातलं अर्धंच येतं.

२०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोन जुळ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. ९१२ रुग्ण, ४८ आठवडे. सगळ्यांना स्टेरॉइड आणि दीर्घकाळ टिकणारं नलिका-सैलावक अशी दोन्ही औषधं चालू होती, तरी दमा आटोक्यात नव्हता. अर्ध्यांना त्यावर टायोट्रोपियम दिलं. पहिला मोठा झटका येईपर्यंतचा काळ २२६ दिवसांवरून २८२ दिवसांवर गेला. झटक्याचा धोका सुमारे एकवीस टक्क्यांनी कमी झाला. फुंकण्याची ताकद एका चाचणीत ८६ मिलिलिटर आणि दुसरीत १५४ मिलिलिटरने वाढली.

चांगलं आहे. पण याच चाचण्यांत रुग्णांना रोजच्या जगण्यात जाणवेल एवढा फरक प्रश्नावलीत उमटला नाही. म्हणजे झटके थोडे लांबले, दिवस फारसे बदलले नाहीत. प्रामाणिक वाचन करायचं तर दोन्ही वाक्यं एका दमात सांगायला हवीत. आणि सर्वांत महत्त्वाचं तिसरं वाक्य: या ९१२ जणांपैकी एकही जण स्टेरॉइडशिवाय नव्हता. टायोट्रोपियमचं जे काही यश आहे, ते स्टेरॉइडच्या खांद्यावर उभं राहून मिळालेलं यश आहे. अमेरिकेत २०१५ साली दम्यासाठी त्याला मान्यता मिळाली तीही या पुराव्यांवर. दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं, ज्यांना 'जिना' म्हणतात, स्पष्ट सांगतात: दम्यात हे औषध वरच्या पायऱ्यांवर, जोड म्हणून, एकटं कधीही नाही.

एकटं का नाही, याचा धडा जगाने दुसऱ्या औषधाच्या बाबतीत महाग किंमत देऊन घेतला. साल्मेटेरॉल हेही नलिका सैल करणारं, बारा तास टिकणारं, पण वेगळ्या गटातलं औषध. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २६ हजारांहून अधिक दमेकरी होते, आणि त्यातले निम्म्याहून अधिक स्टेरॉइड घेत नव्हते. साल्मेटेरॉलच्या गटात दम्याने १३ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात ३. पुढच्या मोठ्या चाचण्यांत हीच औषधं स्टेरॉइडसोबत एकाच पंपात दिली, तेव्हा असा धोका दिसला नाही, आणि २०१७ च्या अखेरीस अमेरिकेच्या नियामकांनी त्या जोड-पंपांवरची ठळक ताकीद काढून टाकली. औषध तेच. सोबत बदलली, निकाल बदलला. २०१९ पासून 'जिना'ने तर नुसत्या सालब्युटामॉलवरही दमेकऱ्याला ठेवू नका, असं सांगायला सुरुवात केली.

आणि स्टेरॉइडचा स्वतःचा हिशेब? कॅनडातल्या नोंदींवरचा २००० सालचा अभ्यास सांगतो, की वर्षभरात श्वासातल्या स्टेरॉइडचा एक पंप जास्त वापरला, की दम्याने मरण्याचा धोका सुमारे एकवीस टक्क्यांनी घटत गेला. असं वाक्य इप्राट्रोपियमबद्दल कुणालाही लिहिता आलेलं नाही.

आता आपल्याकडचा आकडा. 'ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज'च्या अंदाजांनुसार जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण तेरा टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी बेचाळीस टक्क्यांहून अधिक भारतात. यात दमा आणि सीओपीडीची सरमिसळ झालेली असू शकते. शब्दांचा घोळ मृत्यूच्या दाखल्यापर्यंत पोचतो. पण ती वजा केली तरी उरतं ते लाजिरवाणं आहे.

दोष कुणाचा?

डॉक्टरांना झोडपणं सोपं आहे. टाळ्याही मिळतात. पण तेवढ्यावर थांबणं बरोबर नाही.

गावातल्या डॉक्टरांसमोर धापणारा माणूस बसलेला असतो. त्याला आत्ता, इथे, बरं वाटायला हवं असतं. वाफ दहा मिनिटांत ते देते. स्टेरॉइडचा पंप ते देत नाही. त्याचा गुण यायला दिवस, कधी आठवडे लागतात. शिवाय पंप लिहिला की घरचे म्हणतात, "पंपाची सवय लागते," "पंप म्हणजे शेवटचा उपाय," "स्टेरॉइड? नको बाबा." पुढच्या वेळी ते दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. वाफेचे पैसे मिळतात. पंप कसा ओढायचा हे पंधरा मिनिटं समजावण्याचे मिळत नाहीत. रुग्ण झटका आल्यावर येतो आणि झटका गेला की दिसत नाही. या सगळ्या व्यवस्थेत वाफ जिंकणारच.

सरकारची २०२२ ची अत्यावश्यक औषधांची राष्ट्रीय यादी पाहिली तर तिच्यात ब्युडेसोनाइड आहे, फॉर्मोटेरॉलसह ब्युडेसोनाइड आहे, सालब्युटामॉल, इप्राट्रोपियम, टायोट्रोपियमही आहे. म्हणजे कागदावर सगळं आहे. पण यादीत नाव असणं वेगळं आणि पावसाने रस्ता बंद झाला असताना प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात तो पंप असणं वेगळं. त्याचा जाब ग्रामसभेत विचारता येतो. रस्ता, पाणी, शाळा यांबद्दल आपण विचारतोच ना?

स्टेरॉइडच्या भीतीबद्दल दोन शब्द. श्वासातून घ्यायची मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीची मिलिग्रॅममध्ये. म्हणजे हजारपटीचं एकक. पंपानंतर चूळ भरून टाकली, मुलांना स्पेसर लावून दिला, की घशातली बुरशी आणि आवाज बसणं हे त्रासही कमी होतात. जास्त मात्रेत, वर्षानुवर्षं घेतल्यास मुलाच्या उंचीवर थोडा परिणाम होतो. म्हणूनच कमीत कमी पुरेल तेवढी मात्रा ठेवायची. आणि गंमत अशी, की जो माणूस पंपातल्या स्टेरॉइडला घाबरतो, त्यालाच दर झटक्याला स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शन घ्यावं लागतं. कोजागरीच्या खिरीतलं औषध, गल्लीतली बिननावाची पुडी, हे तो न विचारता घेतो. पुडीत काय आहे ते कुठे लिहिलेलं असतं?

विचारायचे चार प्रश्न

ऐकून घरी जाताना काय घेऊन जायचं? चार प्रश्न. डॉक्टरांना, नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारायचे.

पहिला: हा दमा आहे की सीओपीडी, आणि ते फुंकून मोजलंय का? दुसरा: या वाफेत कोणतं औषध आहे आणि किती दिवस? तिसरा: सूज कमी करणारं रोजचं औषध कोणतं, आणि ते चालू असतानाही त्रास होतोय म्हणून हे तिसरं औषध देताय, की त्याच्याऐवजी? चौथा: मी पंप ओढतो ते बघाल का एकदा? चौथा प्रश्न सर्वांत स्वस्त आहे आणि कधीकधी सर्वांत गुणकारी. पंप चुकीचा ओढला, औषध घशातच राहिलं, म्हणून 'पंप लागू पडत नाही' असा शेरा मारून वरचं औषध जोडलं, असं होऊ नये.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'त्याच्याऐवजी' असं आलं, आणि आजार दमा असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. आज चालू असलेलं औषध स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नका.

आणि एक वेळ सांभाळा. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. भिंतींना ओल, गाद्यांत धूळकिडे, कपाटांत बुरशी, बंद घरात चुलीचा धूर. दमेकऱ्याचा कठीण काळ कधी येणार हे पंचांग न बघता सांगता येतं. मे महिन्यात आंबा उतरत आला की घराघरांत आगोटीची तयारी सुरू होते: कांदे, सुकी मासळी, तिखट-मसाले, कोरडा लाकूडफाटा. या बेगमीत दमेकऱ्याची डॉक्टरांकडची एक फेरी बसवा. रोजचा पंप पुरेसा आहे का, ओढायची पद्धत बरोबर आहे का, झटका आला तर काय करायचं हे कागदावर लिहून घेतलंय का, एवढं पाहून या. वाफेच्या कुप्या घरात असू देत. त्या रात्रीच्या अडचणीसाठी आहेत. जून ते सप्टेंबर छाती मोकळी ठेवायचं काम त्यांचं नाही.

आता प्रश्न घेऊ. चिठ्ठ्या पुढे पाठवा.